फाल्कन गाडी, तिचे जुळणारे ब्रेक आणि माझा भाऊ आल्डो यांच्याविषयीचे मृत्युपत्र

मी, फिलोमेना कॅरुच्ची, वय वर्षे शहात्तर, राहणार टनेल हिल रस्ता, फेअरमॉन्टजवळ, वेस्ट व्हर्जिनिया, काउंटीच्या शाळा-बस गॅरेजची निवृत्त मेकॅनिक, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी ब्रेकविषयी पाच मिनिटे बोलून बघावे. हृदयाची एक झडप गळते आहे, पण त्या झडपेचा आणि माझ्या निर्णयांचा काही संबंध नाही. कोणी दबाव आणलेला नाही. माझ्यावर दबाव आणू शकेल असा माणूस या काउंटीत राहत नाही. यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम एक. राहते घर, त्यातील सामान आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते माझी एकुलती एक मुलगी रेनाटा हिला मिळावे. स्वयंपाकघरातला ओव्हन डावीकडून जास्त तापतो, त्यामुळे पेपरोनी रोलचा ट्रे मध्येच फिरवावा लागतो. आईची कृती कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. ती मागेल त्याला द्यावी, फक्त चर्चमधल्या मार्लिनला देऊ नये. तिने एकोणीसशे शहाण्णव साली माझे रोल स्वतःचे म्हणून जत्रेत मांडले आणि वर बक्षीस घेतले. देवाने तिला माफ केले असेल तर ते देवाचे बघणे.

कलम दोन. माझी हत्यारे रेनाटाला. ती शाळेत मुलांना वेल्डिंग शिकवते, तिला त्यांची किंमत कळते. शेजारचा नॉरिस पाने मागायला येईल. त्याला कॉफी द्यावी, पाना देऊ नये.

कलम तीन. हे कलम लिहायला मला तीन दिवस लागले.

मागच्या शेडमध्ये निळी फोर्ड फाल्कन आहे, एकोणीसशे पासष्टची. आमच्या बाबांनी खाणीत बावीस वर्षे काढल्यावर घेतलेली पहिली नवीकोरी गाडी. ही गाडी मी माझा धाकटा भाऊ आल्डो याला देते. आणि या गाडीला पुढे डिस्क ब्रेक बसवण्यासाठी जे भाग मी आठ वर्षे जमवले, ते सगळे रेनाटाला देते.

वकील पर्सेल म्हणाले, "बाई, गाडी एकाला आणि तिचे ब्रेक दुसऱ्याला? असं कोणी करतं का?"

मी म्हटले, "मी करते. आणि लिहिणारही मीच."

भागांविषयी नीट लिहिते, कारण गाडीवाल्यांना वाटते की बसला बोल्ट की झाले काम. नाही झाले. पुढच्या चाकांचे सगळे भाग एकाच गाडीतून, सत्त्याहत्तर सालच्या फोर्ड ग्रॅनाडातून काढलेले आहेत. ती गाडी मी भंगारवाल्याकडून अख्खी उचलली. चाक ज्याच्यावर फिरते तो नकल, डिस्कला दोन्हीकडून चिमटणारा कॅलिपर, त्याला धरणारी ब्रॅकेट, डिस्क, बेअरिंग, स्टिअरिंगच्या दांड्याची टोके, सगळे एकमेकांचे सख्खे आहेत. यातला एक काढून दुसऱ्या गाडीचा घातला तर डिस्क कॅलिपरच्या मध्यावर येत नाही, आणि मग चाक रडत फिरते. होज पाइप आणि सिलेंडरची रबरे तेवढी नवीन घ्यावीत. बाबांच्या फाल्कनची चाके चार बोल्टची. ग्रॅनाडाची पाच बोल्टची. म्हणून मागचा अख्खा ॲक्सलही ताडपत्रीखाली ठेवला आहे. पुढे पाच आणि मागे चार बोल्ट ठेवणाऱ्या माणसाला स्टेपनी लावताना जी अद्दल घडते ती मी पाहिली आहे. जुनी तेरा इंची चाके कॅलिपरवर घासतात, म्हणून चौदा इंची चाके भिंतीला टेकवली आहेत. मास्टर सिलेंडर आणि पुढच्या-मागच्या ब्रेकला तेल वाटून देणारा व्हॉल्व्ह लाकडी पेटीत आहेत. जुना सिलेंडर वापरू नये, कितीही चांगला दिसला तरी.

आता कॅलिपर. एक निळ्या रंगाने रंगवला आहे, एक पिवळ्या. निळा डावीकडे, पिवळा उजवीकडे. हे असे लहान मुलांसारखे रंगवायची वेळ माझ्यावर का आली, ते पुढे लिहिले आहे. वकिलांचे म्हणणे होते की मृत्युपत्रात मालमत्ता लिहावी, कबुलीजबाब चर्चमध्ये द्यावा. पण आल्डो चर्चला जात नाही.

कलम चार. बाबांना टनेल हिल उतरताना भीती वाटायची. ते कोणाला सांगत नसत, पण खाली पोचल्यावर त्यांचे पाय थरथरत. जुने ड्रम ब्रेक उतारावर तापून धरेनासे होत. म्हणून एकोणीसशे त्र्याऐंशीच्या वसंतात, त्यांच्या साठाव्या वाढदिवसाआधी, आल्डोने आणि मी गाडीला डिस्क ब्रेक बसवायचे ठरवले. कॅलिपर मी बसवले. त्याला हात लावू दिला नाही, कारण मेकॅनिक मी होते. मग ब्रेकची हवा काढायला आम्ही दोघे बसलो. हे एकट्याचे काम नाही. मी पेडलवर, आल्डो चाकापाशी. मी दाबायचे, त्याने निपल, म्हणजे कॅलिपरवरचा हवा सोडायचा छोटा स्क्रू, उघडायचा, बुडबुडे बाहेर आले की बंद करायचा, मग मी पाय उचलायचा. चार तास केले. पेडल स्पंजसारखेच राहिले.

आल्डो म्हणाला, "मेना, काहीतरी चुकतंय. उद्या बघू."

मी म्हटले, "दोनदा मारलं की घट्ट होतंय ना? झालं तर मग. घाबरट कुठला! चल, घे चक्कर."

त्याने चक्कर घेतली. टनेल हिलच्या निम्म्यावर पेडल खाली गेले ते वर आलेच नाही. खाली अग्निशमन दलाच्या हॉलबाहेर शुक्रवारच्या तळलेल्या माशांसाठी बायकांची रांग उभी होती. आल्डोने गाडी रांगेत जाऊ दिली नाही. हॉलच्या भिंतीवर घातली. कोणाला खरचटलेही नाही. त्याचा उजवा गुडघा मात्र कायमचा गेला.

तो तेव्हा शाळेची बस चालवायच्या नोकरीसाठी निवडला गेला होता. गुडघा बरा होईतो थांबायला काउंटी तयार होती. माझ्या साहेबांनी मला विचारले, "काय झालं गं नेमकं?" मी म्हणाले, "आल्डो निपल उशिरा बंद करत होता. हवा आत ओढली गेली." एवढेच बोलले. ब्रेकच्या बाबतीत निष्काळजी असलेल्या माणसाच्या हाती मुलांची बस कोण देणार? नोकरी गेली. बाबांनीही माझ्यावरच विश्वास ठेवला, आणि तसेच मानून तीन वर्षांनी वारले. आल्डो पुढची तीस वर्षे खिळे-मोळ्यांच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिला. एका पायावर भार देऊन. तो माझ्याशी बोलायचा बंद झाला आणि मी लोकांना सांगत फिरले की बघा, चूक याची आणि तोराही याचाच.

गाडी मी शेडमध्ये ओढून आणली आणि कुलूप घातले. दोन हजार अकरा साली, निवृत्तीनंतर, मी पहिल्यांदा तिची पुढची चाके काढली. दोन्ही कॅलिपरचे निपल खालच्या बाजूला होते.

ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी लिहिते. हवा वर चढते. निपल वर असेल तर ती निघते. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला तर निपल खाली येतो, आणि मग जन्मभर पेडल मारा, हवा आतच राहते. बोल्ट मात्र अगदी झकास बसतात. ही चूक शिकाऊ पोरे करतात. मी केली. आल्डो निपल अगदी वेळेवर बंद करत होता.

हे कळूनही मी आठ वर्षे गप्प बसले. आठ वर्षे त्या गंजून गेलेल्या भागांच्या जागी दुसरे जमवत राहिले आणि स्वतःची समजूत घालत राहिले की हीच माफी. ती माफी नव्हती. माफी म्हणजे तोंडाने बोलणे, आणि मला आल्डोच्या दारापर्यंत जायची लाज वाटली. मला माझ्या भावाची फार आठवण येते. तो तीन गल्ल्या पलीकडे राहतो.

रेनाटा, तू चोरून मामाकडे कॉफी प्यायला जातेस हे मला ठाऊक आहे. तुझ्या जॅकेटला त्याच्या त्या घाणेरड्या चिरूटचा वास येतो. म्हणूनच भाग तुझे आणि गाडी त्याची. चोरून जायची गरज उरू नये.

कलम पाच. वरील कलम क्रमांक चार हे काउंटीच्या बस गॅरेजमध्ये आणि अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मोठ्याने वाचून दाखवावे. आल्डो नको म्हणाला तरी वाचावे.

कलम सहा. अंमलबजावणी रेनाटाने करावी.

सहीपूर्वी वाढवलेला मजकूर, माझ्याच अक्षरात. आज शनिवार. दोन साक्षीदार हवे होते, त्यातला एक म्हणून मी वकिलांकरवी आल्डोला बोलावले. दुसऱ्या कोणत्याही निमित्ताने तो या घरात आला नसता. साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसते, पण मी कागद त्याच्यापुढे सरकवले आणि म्हटले, "आधी वाच."

त्याने सगळे वाचले. कलम चार दोनदा वाचले. माझ्याकडे बघितले नाही. मग पेन उचलले आणि साक्षीदाराच्या ओळीवर सही करायला लागला.

पर्सेल घाईने म्हणाले, "थांबा, थांबा! साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. सही केलीत तर गाडीवरचा तुमचा हक्क गेला म्हणून समजा."

पेन थांबले. माझ्या गळक्या झडपेने तेवढ्यात काय काय केले ते सांगत नाही. तो गाडी नको म्हणाला असता तर तो त्याचा हक्क होता. मी तोंड उघडले आणि छत्तीस वर्षांत पहिल्यांदा नीट बोलले. "आल्डो, चूक माझी होती. तुझी नव्हती. मला माफ कर."

त्याने कलम चारवर बोट ठेवले. मग म्हणाला, "छत्तीस वर्षं, मेना. बाबा गेले ना गं तसंच समजून."

"हो."

"लगेच माफबिफ नाही करणार मी."

"नको करूस."

"आणि तू मरायची वाट बघत बसू होय मी गाडीसाठी? तू काय लवकर मरणाऱ्यातली आहेस!" त्याने पेन टेबलावर ठेवले. "पुढच्या शनिवारी येतो. रेनाटालाही बोलव. कॅलिपर मी बसवणार. तू पेडल मारायचं आणि तोंड बंद ठेवायचं. जमेल?"

"पेडलचं जमेल," मी म्हटले.

त्याला हसू आले. त्याने ते दाबले, पण मी पाहिले.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, खाली नमूद साक्षीदारांसमोर सही करत आहे. गाडी माझ्या हयातीतच रस्त्यावर आली तर कलम तीन निरुपयोगी ठरेल. तसे व्हावे, ही माझी इच्छा.

सही: फिलोमेना कॅरुच्ची
स्थळ: टनेल हिल रस्ता, फेअरमॉन्टजवळ
दिनांक: १२ ऑक्टोबर २०१९

साक्षीदार पहिला: डेलबर्ट पर्सेल, वकील

साक्षीदार दुसरा: नॉरिस टेनंट, शेजारी, हाक मारून बोलावलेला. त्याच्या नावाआधी या ओळीवर लिहिलेली "आल्" ही अक्षरे खोडलेली आहेत. ती लिहिणाऱ्याने स्वतःच्या हाताने, राजीखुशीने खोडली. ही खोडाखोड मला पूर्णपणे मान्य आहे. फि. कॅ.