नवरी कुठल्या दारातून

प्रिय सेराफिना,

तुझं पत्र बुधवारी पोचलं. लग्नाची तारीख फादरनी पक्की केली हे वाचून मी आधी संत योसेफापुढे मेणबत्ती लावली, मग शेगडी पेटवली. आपल्याकडे नवरी बापाच्या दारातून, बापाचा हात धरून निघते; मी निघाले, तुझी आजी निघाली. 'मी आपल्याच दारातून निघणार ना, आई?' एवढंच तू विचारलं आहेस. उत्तर एका ओळीचं आहे, पण लिहायला हात धजत नाही. म्हणून आधी बाकीचं लिहिते.

तुझे बाबा बरे आहेत. उठतात, दाढी करतात, चौकात बसतात, जेवायला येतात. बुटांचा कारखाना बंद पडून इतकी वर्षं झाली, तरी बोलता बोलता त्यांचा अंगठा टेबलाच्या कडेवरून फिरतो, चामड्याचा पोत बघावा तसा. सरकारी मदत कार्डावर येते, ती मी तेलापिठात कशीबशी बसवते. काम केलं की मदत थांबणार, हे मला पटतं. पण काम संपलं तरी ती पुन्हा सुरू होत नाही, हे आपण त्या ऑलिव्हच्या हंगामात शिकलो. हंगामभर बाबांनी कागदावर सही करून सरळपणे काम केलं आणि पुढचा अख्खा हिवाळा कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. उपास मी देवासाठी करते. त्या हिवाळ्यात कचेरीसाठी केले.

मग तुला चपलांच्या कारखान्यात नोकरी लागली. मला वाटलं, देवानं ऐकलं. कचेरीतल्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अभिनंदन! आता मुलीचा पगार घराचा धरणार, तुमची मदत संपल्यातच जमा. तिचं नाव या घरातून काढा, म्हणजे मिटलं." म्हणून तुझं नाव माल्ये गावात आत्याच्या घरी लावलं, आणि नावापाठोपाठ तू गेलीस, कारण घरात कितीजण झोपतात ते बघायला नगरपालिकेचा शिपाई येऊन गाद्या मोजतो. कमावती झाली म्हणून लेक घराबाहेर काढली, असं कुठे ऐकलंय का गं? समोरच्या कार्मेलाची मुलगी आजारपणात चार दिवस माहेरी राहिली, तर कुणीतरी कचेरीत निनावी चिठ्ठी टाकली. कार्मेलाचं कार्ड अजून बंद आहे. आणि इथे तर बँड, फोटोवाला, सगळी गल्ली दारात!

जानेवारीत जोड्यांच्या दुसऱ्या एका कारखान्याचा मालक, उच्चो, घरी आला होता. "दोनातो, चामडं कापायला तुझ्यासारखा हात हवाय. जूनपर्यंत." बाबा म्हणाले, "कागदाशिवाय ठेवतोस?" "म्हणजे मी तुरुंगात जाऊ?" "मग जुलैत मी काय खाऊ, तुझे जोडे?" दोघेही हसले. उच्चो कॉफी पिऊन गेला. त्या दुपारी बाबांनी जेवताना पाव कापला, इतका पातळ, इतका एकसारखा, की मला बघवेना. चौकात मात्र लोक म्हणतात, "दोनातोला फुकटचं गोड लागलं." म्हणोत.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जुना एप्रन घडी करून काखेत मारला. "कार्ड गेलं तर जाऊ दे, जुलैचं जुलैत बघू. माझी पोर माझ्या दारातून निघेल." घरखर्चाची सगळी गणितं माझ्या ओठांवर आली होती, देवाशपथ, गिळली. तासाभरात ते परतले. ती जागा उच्चोनं कधीच दुसऱ्या कुणाला दिली होती. "तू नको म्हणालास ना," म्हणाला. एवढ्यासाठी हे पत्र, पोरी. तू आत्याच्या दारातून निघ. बाबा तिथे येतील, इस्त्रीच्या कपड्यांत, पाहुण्यासारखे. आत्याच्या पायऱ्या रुंद आहेत, तिथे फोटो चांगले येतील, असं ते तुला सांगणार आहेत. ते आरशासमोर म्हणून बघत होते, तेव्हा मी ऐकलं. तू हो म्हण. ते काम मागायला गेले होते, हे तुला ठाऊक आहे असं चेहऱ्यावरही दिसू देऊ नकोस.

कागदावर नसले तरी तुझीच,
आई