रेडिओचा घसा

सोमवार, ८ डिसेंबर १९५८. तामलवाडी.
सोलापूरहून बॅटरीचा रेडिओ आणला. रविवारी सकाळी मेहुणी वनमाला पुणे रेडिओ स्टेशनवरून गाणार. शामला दोन वर्षांत बहिणीला भेटलेली नाही. आतापासूनच डोळे पुसते. निर्धार: तोवर रेडिओचा आवाज मुरवायचा. नव्या रेडिओचा घसा कोरा असतो. मी शाळामास्तर आहे, सायन्स कळतं.

मंगळवार, ९.
शाळेत गेलो तरी रेडिओ चालूच. स्टेशन बंद असतं तेव्हा खरखर. तो त्याचा रियाज. शामला म्हणाली, लोणचं आहे का मुरवायला? बॅटरी उतरंल की. बायकांना टेक्निकल कळत नाही.

बुधवार, १०.
थंडी. व्हॉल्व्ह गारठू नयेत म्हणून माझी गोधडी रेडिओला दिली. मी कुडकुडलो. बाजारभाव लागले की बटण फिरवतो. असले भाव ऐकवून त्याचा आवाज रखरखीत होतो.

शुक्रवार, १२.
रिझल्ट! आवाज मऊ झाला. आधी अंगणापर्यंत जायचा, आता कान लावावा लागतो. शेजारचे बलभीम म्हणाले, मास्तर, चावडीवर रेडिओ हाय की, तितंच ऐकू. चावडीवरचा! तो ऐन वेळी बटण पिरगळून सुरू करतात. थंड घशानं कुणी गातं का? साऱ्यांना आमच्याकडंच बोलावलं.

शनिवार, १३.
आवाज फारच नाजूक. शामला म्हणते, काहीच ऐकू येत न्हाय. तिला कानात तेल घालायला सांगितलं. रेडिओला ज्येष्ठमधाची धुरी दिली आणि बंद केला. गवईसुद्धा प्रोग्रामच्या आधी विश्रांती घेतात.

रविवार, १४. सकाळ.
ओसरी भरली. शामला नवं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढं. बटण फिरवलं. शांतता. मी म्हणालो, गरम होतोय. आणखी शांतता. बलभीम म्हणाले, चला रं चावडीवर, आणि मंडळी पळाली. शामलाही उठली. तिला हात धरून बसवलं. म्हटलं, एवढी मेहनत घेतलीय, आता लागेलच. ती बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसवलं. शेवटी हात सोडवून धावली.

दुपार.
ती चावडीवर पोचली तेव्हा बातम्या लागल्या होत्या. बलभीम सांगून गेले, लई ग्वाड गळा, मास्तर, पार वेशीपर्यंत ऐकू आलं. शामला म्हणाली, सगळ्या गावानं ऐकलं. मीच तेवढी तुमच्या भरवशावर बसले. मग चुलीपाशी जाऊन रडली. मी रेडिओवरची गोधडी काढून घडी घातली.