चुंबक उलटा करायचा राहिला

वहिनी, तुम्हा दोघांना नमस्कार. आईचे गुडघे कसे आहेत?

मी बरी आहे, वेळेवर जेवते. पण दादाने गल्लीभर सांगितलेला माझा शोध हा शोध नव्हताच. कण आणि त्यांचे प्रतिकण अगदी सारखे वागतात का, ते आम्ही कणांची टक्कर घडवून मोजतो. यंत्राची एक बाजू जरा अधू असतेच, म्हणून चुंबकाची दिशा उलटी करून, म्हणजे दोघांच्या बाजू बदलून, पुन्हा मोजायचं, हा इथला पहिला धडा. मी एकाच दिशेची मोजमापं घेतली आणि फरक सापडला म्हणून नाचले. काल सगळ्यांसमोर ते उघडं पडलं. आमच्या मार्गदर्शक बाई ओरडल्यासुद्धा नाहीत. मला मान वर करवेना.

प्रयोगशाळेतून घरी येताना तुम्ही आठवलात. ‘हिने मला खालच्या खोलीत टाकलं,’ असं आई फोनवर म्हणाली आणि मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. तुम्ही नुसतं ‘बरं’ म्हणालात. दर फोनला मी गुडघ्यांची चौकशी करते, पण खाली राहिलं की जिना चढावा लागत नाही, हे मला काल सुचलं.

रविवारी फोन करीन. बोलणार नाही, फक्त ऐकेन.

अजून म्हणावंसं वाटलं तर,
तुमची वन्सं