जुनी नोंद खरी

३ नोव्हेंबर

आज रुजू झालो! अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि मागांच्या खडखडाटानं कान बधिर झाले. काम सोपं आहे, निदान सांगायला. इथं हजेरीचं एक सॉफ्टवेअर, मागांवरच्या उत्पादनाचं दुसरं, पगाराचं तिसरं, आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. सगळ्यांची माहिती एकत्र आणून शेठना रोज सकाळी एकच अहवाल द्यायचा.

संध्याकाळी गावी वैरागला सोनमला फोन केला. तिला सातवा लागलाय. बाळाच्या नावापुढं माझं ‘मल्हार’ शोभेल ना, असं मी विचारलं, तर म्हणाली, बापानं आधी नोकरी टिकवून दाखवावी. बायको आहे की हेडमास्तर!

६ नोव्हेंबर

एकच माणूस तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी नोंदवलेला. म्हणून नियम घातला: एका क्रमांकावर दोन नोंदी भांडल्या, तर जुनी नोंद खरी. सध्याच्या कामगारांत एक्केचाळीस क्रमांक मात्र रिकामा होता. पडलेल्या दातासारखा सतत डोळ्यांत खुपायचा. मला असली भोकं बघवत नाहीत. तो मी स्वतःलाच लावून टाकला.

शिलाईतल्या फुलाबाईंना हे कळलं तेव्हा त्यांच्या हातातला टॉवेल खाली पडला. म्हणाल्या, “मागावर मेलेल्याचा लंबर आमी कुणाला देत न्हाई, साहेब. निंगप्पाचा हाय त्यो. डावा हात मागात गावला त्याचा. तुमी सोडा त्यो लंबर.” मी हसून विषय बदलला.

१० नोव्हेंबर

सकाळी अंगठा लावला, पडद्यावर नाव आलं निंगप्पा. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची जुनी नोंद पडून होती, आणि माझ्याच नियमानं ती माझ्यावर वरचढ ठरली. करायला गेलो गणपती, झाला मारुती! लगेच दुरुस्त केलं. दुपारी पाहिलं तर पुन्हा निंगप्पा. आता पत्ताही त्याचाच.

१२ नोव्हेंबर

बायकोच्या रकान्यात सोनम नाही. महादेवी आहे.

दुपारी फाटकावर बोलावणं आलं. एक बाई डबा घेऊन उभी होती, भाकरी आणि शेंगाचटणी. सकाळी डबा विसरलो म्हणून कानडीत रागावली. मी कानडीतच तिची समजूत घातली. मला कानडी येत नाही! आजवर एक शब्द येत नव्हता.

फुलाबाई सांगतात, निंगप्पामागं वर्षभरातच महादेवी गेली. डबा मी चाटूनपुसून खाल्ला होता.

१३ नोव्हेंबर

क्रमांक बदलला. नियमच काढून टाकला. तरी काही फरक नाही. शेठ म्हणतात, अहवाल झकास येतोय, आता कशाला हात लावू नका.

सोनमला फोन केला. मी मल्हार, मी मल्हार म्हणून ओरडत होतो. ती रडत विचारत राहिली, ही कुठली भाषा, माझ्या नवऱ्याचा फोन तुमच्याकडं कसा, ते कुठं आहेत. आता लिहितानाही मला फार भीती वाटतेय. फार.

१४ नोव्हेंबर

नोकरी गेली खड्ड्यात. वैरागची बस धरली. उतरलो तर समोर कारखान्याचं फाटक—

पुन्हा धरली. पुन्हा फाटक.

एकच रकाना जुळायचा राहिलाय. नोकरी संपल्याचं कारण. माझा कोरा आहे. त्याचा—

१५

फुलाबाई दंड धरून वढतायत. पाय हालत न्हाईत. माग चालू हाय. डावा हात आपोआप म्होरं चाललाय— उजव्यानं लिवतोय—

सोनम, बाळाच्या नावाम्होरं माझंच नाव लाव. दुसऱ्या कुणाचं न्हाई. ध्यानात ठेव की. माझं नाव निं—