सलाफहादच्या मुलींची अट

झिंज, मनामा, बहारीन

प्रिय ग्लोरिया,

फोनवरच बोलले असते, पण तुझा बाबा तुझा फोन चाळतो हे तूच सांगितलंस. म्हणून हा कागद. इथली माझी मैत्रीण विशाखा सुट्टीवर वसईला निघाली आहे. ती हे तुझ्याच हातात देईल.

तुझा बाबा आमच्याकडे राहून गेला. माझा सख्खा भाऊ, आणि तो गेल्यावर मी त्याच्या पलंगावरची चादर दोन बोटांनी उचलून मशीनमध्ये टाकली. लिहायला लाज वाटते, पण किळस आली होती, बाळा.

शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मिस्सानंतर आमच्या मराठी मंडळींची प्रार्थना आमच्याच फ्लॅटवर होती. पाहुणा म्हणून प्रवचन त्याला दिलं. त्याने इस्राएलच्या बारा वंशांचा रंगीत नकाशा भिंतीला चिकटवला. बोलतो मात्र छान. यहोशवाने चिठ्ठ्या टाकून जमीन कशी वाटली, यहूदाला दक्षिणेचे डोंगर, आशेरला समुद्रकाठ, मनश्शेला यार्देनच्या दोन्ही तीरांवर, सगळं बोट ठेवून दाखवलं. मग तो सलाफहादच्या मुलींवर आला. त्यांना भाऊ नव्हता. त्या मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि वडिलांचं वतन मागून घेतलं. मला भरून आलं. वाटलं, तुझे आजोबा गेल्यापासून बावखलाच्या तळ्याकाठच्या वाडीबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, आज हा आपण होऊन माझा वाटा देणार.

मंडळी गेल्यावर आम्ही तिघं जेवायला बसलो. संतोष सित्र्याच्या कंपनीची बस चालवतो. सुट्टीचा दिवस असूनही पहाटे मनामाच्या बाजारात जाऊन त्याने मेहुण्यासाठी हमूर आणला होता. तुझ्या बाबाने माशाचं डोकं चोखून खाल्लं, बोटं चाटली आणि म्हणाला की गोष्ट तिथे संपत नाही. त्या मुलींना अट होती, लग्न आपल्याच वंशात करायचं, नाहीतर वतन परक्या वंशात जातं.

"तू वंशाबाहेर गेलीस, बेनिटा. मी काय करू, शास्त्रच तसं आहे."

ज्याच्याशी लग्न करून मी बाहेर गेले, ज्याने मासा आणला, तो समोर बसलेला. संतोषने तुझ्या बाबाला आणखी भात वाढला. ते वाढणं मला अजून सहन होत नाही.

मी विचारलं, "एडी, आपला वंश कुठला? यहूदा की मनश्शे?" तो नुसता हसला, दातात काडी घालून. आपण केळी आणि पानवेली लावणारी माणसं, आपल्यात यार्देन कोणी पाहिली? आणि कायदा मुलगा-मुलगी बघत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. माझ्या सहीशिवाय वाडी हलत नाही, म्हणून तर तिकीट काढून आला.

विमानतळाच्या वाटेवर त्याने खरं पोटातलं काढलं. फ्लॉयडच्या घरची वाडी आपल्या बांधाला लागून आहे. तुझं लग्न फ्लॉयडशी लावलं की दोन्ही वाड्या एक होतात, आणि बिल्डरला तशीच एकसलग जागा हवी आहे. म्हणजे वंशाचं वतन वंशात ठेवायचं ते विकण्यासाठी! बायबल हातात धरून हे बोलताना त्याचा आवाजही बदलला नाही.

मग मला आमिष दाखवलं. माझा वाटा तो मुकाट्याने देईल, फक्त मी तुझं मन वळवायचं, वंशाबाहेरच्या विनायकचा नाद सोडायला लावायचं. म्हणाला, "ती तुझंच ऐकते. तू तिला एक पत्र लिही." मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. आता तो तुला सांगेल की आत्याही माझ्याच मताची आहे. मी नाही. माझा वाटा मी कोर्टात मागेन, तुझ्या बदल्यात घेणार नाही. तू विनायकशी लग्न कर, नाहीतर कोणाशीच करू नकोस, पण बांध मोडायला म्हणून करू नकोस. घरात राहणं अवघड झालं तर इकडे ये. व्हिसाचं संतोष बघतो म्हणाला आहे. बाबाने विचारलं तर सांग, आत्याचं पत्र आलं.

तुझीच,
बेनिटा आत्या