अकरा नंबरच्या बाईचा वेग

जळगाव,
चैत्र वद्य अष्टमी, शके १८६०

तीर्थस्वरूप सुपडूनानांच्या पायांवर भाचा पितांबर याचं डोकं.

आपला गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात आपण तो जिना चढताना बोलतो असं लिहिलं होतं. आता गप्प बसला असेल अशी आशा आहे. इंदिरामामींचे पापड वाळले असतील. धुळ्याला ऊन कमी पडत असेल तर इथून पाठवता येईल, इथे तर टाक दौतीतून कागदावर येईपर्यंत शाई वाळते. असोद्याला घरी सगळं कुशल आहे. वडील बरे, म्हैस बरी, मीही बरा आहे (म्हणजे परवापर्यंत तापाने फणफणलो होतो, पण ते पुढे येईलच). मुळीच काळजी करू नये. हे पत्र काही काम काढून लिहीत नाही. फक्त खुशाली कळवावी, एवढाच हेतू.

बी.कॉम. हा अभ्यास नेमका कशाचा, हे असोद्यात मला अजून कोणाला पटवता आलेलं नाही. वकिली म्हटली की लोकांना कळतं, डॉक्टरी म्हटली की लगेच जीभ काढून दाखवतात. कारखान्याची व्यवस्था कशी ठेवावी ते शिकतो, असं मी सांगितलं तेव्हा निंबाकाका (ज्यांना स्वतःच्या गोठ्यातला कासरा कधी वेळेवर सापडलेला नाही) म्हणाले, त्यात शिकायचं काय, मालकाने ओरडायचं आणि गड्यांनी ऐकायचं. नाना, आमचं दुसऱ्या वर्षाचं पुस्तक खरोखर एवढंच सांगतं, फक्त चारशे पानांत आणि इंग्रजीत. अमेरिकेत म्हणे एक साहेब घड्याळ घेऊन मजुरांसमोर उभा राहिला आणि कोणाचा हात किती वेगाने चालतो ते मोजत बसला. आमच्या प्रोफेसरांना तो साहेब कुलदैवताच्या ठिकाणी. त्यांनी आम्हा पाच जणांत मिळून एक घड्याळ दिलं, कळ दाबली की चालणारं आणि कळ दाबली की थांबणारं. बाकीचे चौघे सुटीत लग्नं करायला गेले, म्हणून ते माझ्याकडे आलं. कोणत्याही कारखान्यात जाऊन माणसांचे हात मोजायचे, त्यावर प्रबंध लिहायचा, आणि तो एक जूनच्या आत पोचला नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत, असा हुकूम आहे.

आपण शेठजींच्या धुळ्याच्या पेढीवर शब्द टाकलात म्हणून मला त्यांच्या इथल्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, बसायला मिळालं, हे उपकार मी विसरणार नाही (सध्या तर विसरावे म्हटलं तरी विसरता येत नाहीत). रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी मी घड्याळ, वही आणि तीन रंगांच्या शाया घेऊन हजर झालो. आपण पेढीवर बसून कापसाच्या गाठींचे कागद पाहता, पण आतलं काम कदाचित पाहिलं नसेल. दोन रांगांत चोवीस यंत्रं. प्रत्येक यंत्रासमोर फळीवर एक बाई. ती कापूस तळव्याने आत सारते, रुई पुढे पडते, सरकी खाली. वर इंजिनाचे पट्टे सटसट फिरत असतात आणि हवेत तंतू इतके तरंगतात की चार पावलांवरचा माणूस धोतराआडून पाहिल्यासारखा दिसतो. मी सगळं नीट पाहून घेतलं, हे आपण लक्षात ठेवावं. मी काही डोळे मिटून बसलो नव्हतो.

बायांनी पहिल्या दिवशी माझी भरपूर थट्टा केली. चार नंबरच्या मंजुळाबाईने माझ्या घड्याळात डोकावून विचारलं, "भाऊ, मन्हा नवराले अक्कल कव्हय यी, ते दिसस का इन्हामा?" सगळी रांग हसली. हसली नाही ती एकटी अकरा नंबरची बाई. जांभळ्या लुगड्याचा पदर नाकापर्यंत, मान खाली, आणि हात चालू. मला फार बरं वाटलं. इतक्या बायांत एकीला तरी शास्त्राची कदर आहे, असं मनात आलं. सकाळी गनीमुकादम हजेरी घेतो तेव्हा तिचं नाव कळलं. तो पटावरून मान वर न करता "झुंबर" म्हणाला आणि पट्ट्यांच्या आवाजातून कुठून तरी "शे" असं हजर असल्याचं उत्तर आलं. त्याने खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

नाना, असा हात मी पाहिला नाही. इतर बायांचा हात मिनिटाला कधी चौदा वेळा, कधी वीस वेळा. गप्पा रंगल्या की दहा. झुंबरबाईचा सकाळी अठरा, उन्हं चढल्यावर अठरा, संध्याकाळी अठरा. तीन दिवस मी तिच्यासमोर स्टूल टाकून बसलो. ती एकदाही खोकली नाही, पाणी प्यायली नाही, घाम पुसला नाही. दुपारी भोंगा झाला, इंजिन थांबलं, बाया भाकऱ्या सोडायला बाहेर कडुनिंबाखाली गेल्या, सगळीकडे सामसूम झाली आणि वरचे तंतू हळूहळू खाली बसू लागले. ती जागची हलली नाही. यंत्र बंद होतं, तरी तिचा हात पुढे जात होता आणि मागे येत होता. मी कळ दाबली. अठरा. मी वहीत लिहिलं, "सुटीतही सराव करते." बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि तिच्यासमोर बसलं की माझ्या पाठीचा घाम गार पडायचा. त्याबद्दल मी प्रबंधात जिनाच्या हवेशीर बांधणीची दोन परिच्छेद स्तुती केली आहे.

दोष फक्त एकच सापडला. डाव्या हातात हिरव्या बांगड्या दोनच, त्यातली एक टिचलेली, आणि ती मनगटावर मागेपुढे सरकताना कामाला किंचित अडथळा होतो. मी शिफारस केली की या बाईने कामावर बांगड्या काढून ठेवाव्यात. दुसरी शिफारस शेजारच्या दहा नंबरबद्दल. तिथे भागाबाई म्हणून एक म्हातारी बसते. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, हाताला कंप, वेग मिनिटाला कसाबसा नऊ. मी तांबड्या शाईने लिहिलं की दहा नंबरच्या बाईला काढावं आणि तिचं यंत्रही अकरा नंबरला द्यावं, तिला ते सहज झेपेल. तिसरी गंमत म्हणजे कोणतीही बाई अकरा नंबरसमोरून जाताना तोंड फिरवायची आणि लांबून वळसा घालायची. या वळशांत दिवसाला किती पावलं फुकट जातात त्याचा मी एक सुंदर तक्ता केला. प्रबंधाची एक प्रत शेठजींच्या नावे धुळ्याला रवाना केली आणि मग, आपण केलेलं काम चारचौघांत बोलावं म्हणून, गनीमुकादमाकडे जाऊन झुंबरबाईची तोंडभरून स्तुती केली.

त्याच्या हातातली विडी ओठापर्यंत गेलीच नाही. डोक्यावरची टोपी काढून त्याने ती गुडघ्यावर ठेवली आणि अगदी हळू म्हणाला, "तठे कोनी देखत नही, भाऊ. झुंबरले जाईसन तीन वरीस व्हई गयात."

मग त्याने सांगितलं ते असं. झुंबर ही भागाबाईची एकुलती एक लेक, गावातच दिलेली. मायलेकी शेजारी शेजारी बसायच्या आणि आईचा हात थकला की लेक आपल्या रुईतली थोडी तिच्या ढिगात लोटायची. तीन वर्षांपूर्वी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ दिवस आधी ती तापाने गेली. तिच्या जागी ओळीने तीन बाया बसवल्या. पहिलीच्या हाताखाली यंत्र कापूस धरेना, दुसरीच्या डोक्यावरचा पट्टा दिवसातून चारदा सुटला, तिसरी दुपारी उठून गेली ती परत आली नाही. शेवटी जागा रिकामी ठेवली. तेव्हापासून अकरा नंबर चालतो. भागाबाई अर्धं काम करते आणि तिच्या पुढ्यात ढीग दोघींचा पडतो. हजेरीला नाव घेतलं नाही त्या दिवशी पट्टा सुटला, म्हणून नाव घेतात. उत्तर कोण देतं हे गनीने कधी मान वर करून पाहिलेलं नाही. आणि कोणी तिकडे बघत का नाही, तर माहेरी कामाला हात लावायला आलेल्या लेकीकडे टक लावून बघू नये. तिला संकोच होतो, आणि मग ती येत नाही.

मी सुशिक्षित माणूस आहे. मी त्याला समजावलं की शेजारच्या बाया मूठ मूठ कापूस टाकत असतील, दुसरं काय. गनी लगेच "व्हई व्हई" म्हणाला, आणि तो इतक्या लवकर कबूल झाला म्हणूनच मला स्वतः खात्री करावीशी वाटली. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर अकरा नंबरची फळी रिकामी. ती मेलेली आहे हे कळल्यापासून मला ती दिसत नाही (शिक्षणाचा हा एक तोटा प्रोफेसरांना कळवला पाहिजे). पण समोरचा कापसाचा ढीग कमी होत होता, एका वेळी एक तळवाभर. मी घड्याळ खिशातून काढलं नाही, तरी ओठ आपोआप मोजत राहिले. किती झाले ते सांगत नाही. त्यानंतर तीन दिवस ताप.

तापातून उठलो त्या दुपारी भागाबाई माझ्या खोलीच्या उंबऱ्यापाशी येऊन बसली. फडक्यात भाकरी आणि ठेचा आणला होता. मला वाटलं, दहा नंबरवरून काढण्याचं तिला कळलं आणि आता ती माझं वाटोळं चिंतणार. पण तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "भाऊ, माले दिसत नही, आन बठ्ठ्या तोंड फिरावतस. तू तीन दिन तिनाकडे देखत बसना. कशी शे मन्ही पोर? वाळेल तं नही ना?"

नाना, आमच्या चारशे पानांत या प्रश्नाला उत्तर नाही. मी वही काढली आणि अकरा नंबरचं पान वाचत गेलो. वाळलेली नाही, हात भरलेला आहे म्हणालो. दमत नाही म्हणालो. पदर नीट घेते. ती प्रत्येक वाक्याला मान हलवायची आणि मी जरा थांबलो की "आजून?" म्हणायची. शेवटी बांगड्यांवर आलो. दोन, आणि एक टिचलेली. तेव्हा ती रडली. त्या आखाजीला तिने लेकीला हातभर नव्या बांगड्या भरायचं कबूल केलं होतं, आणि मनियार गावात यायच्या आधीच पोर गेली. एका सवाशिणीच्या हातातल्या उरल्यासुरल्या दोन बांगड्या काढायची शिफारस मी टंकलेखकाकडून दोन प्रतींत करवून घेतली आहे, हे मला तिला सांगता आलं नाही. मला स्वतःची लाज वाटली. ठेचा फार तिखट होता असं मी तिला म्हणालो आणि डोळे पुसले.

असो. बाकी सर्व क्षेम आहे. उन्हात बाहेर पडू नये. मामींना नमस्कार, आणि आपल्या गुडघ्यालाही.

आपला,
पितांबर

ता. क. शेठजींचं सगळं टपाल आपणच फोडता, आणि शेठजी सोमवारी मुंबईहून परतणार असं गनी म्हणतो. आपल्या टेबलावर जळगावचा एक लांब पिवळा लखोटा पडला असेल. तो कृपा करून मामींच्या चुलीत घालावा. इंग्रजीत छापलेलं काहीही शेठजी खरं मानतात, आणि त्यांनी भागाबाईला काढलं तर ती कुठे जाईल, आणि तिच्यामागे दुसरी कोण कुठे जाईल, याचा विचार मला करवत नाही. प्रोफेसरांची प्रत अजून माझ्याकडेच होती. ती मी काल जाळली.

ता. क. २. नव्या प्रबंधासाठी उद्या रावेरला जातो. तिथे स्टेशनात केळीचे घड डब्यांत कसे भरतात ते मोजणार आहे. एक जूनपर्यंत जमलं तर जमलं, नाही तर वर्ष गेलं असं समजून वडिलांना आपणच समजवावं. केळी सगळ्यांना दिसतात, एवढी मात्र मी आधी चौकशी केली आहे.

ता. क. ३. पुढच्या हंगामासाठी कोणी जागा मागायला आलं तर काय सांगायचं, असं गनीने विचारलं. पटावर अकरा नंबरपुढे मी निळ्या शाईने "जागा भरलेली आहे" असं लिहून दिलं. माझ्या सगळ्या अभ्यासातली एवढी एकच शिफारस अमलात आली.

ता. क. ४. आखाजीच्या आत मामींकडून डझनभर हिरव्या बांगड्या घेऊन पाठवाव्यात. त्या दिवशी पितरांची घागर भरतात आणि लेकीही माहेरी येतात, तेव्हा भागाबाई त्या अकरा नंबरच्या फळीवर ठेवणार आहे. इथे घेता येत नाहीत. नूर महंमद मनियाराकडे गेलो तर त्याने आधी "हात कोणाचा?" असं विचारलं, आणि मी गप्प राहिलो तेवढ्यावर असोद्यात माझं लग्न ठरल्याची साखर वाटून झाली. हाताच्या मापाचा दोरा सोबत ठेवला आहे. तो मी घेतलेला नाही, आणि जिनातल्या एकाही बाईला आकडे वाचता येत नाहीत. वही खोलीत बंद होती. आज दुपारी उघडली तेव्हा तो अकरा नंबरच्या पानावर ठेवलेला होता, नव्या रुईचा, हाताने वळलेला.