चूक. पुन्हा बघा

गिरगाव,
६ जानेवारी २०२५

ती. आबांस,
नातीचा, दीपिकाचा, सविनय जय भीम.

पत्राला उशीर झाला म्हणून ओरडू नका. परीक्षा संपेपर्यंत परळला यायचं नाही असं मी ठरवलं, तेव्हा तुम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या. होस्टेलमधल्या मुली हसतात, गिरगावातून परळला पोस्टाने पत्र कोण पाठवतं म्हणून. मी त्यांना सांगितलं, फोनवर घातलेलं कोडं फोनच सोडवतो. आणि आमच्याकडे उत्तर कधी सांगत नाहीत. चुकलं तर पत्रामागे लाल पेन्सिलीने एवढंच येतं: चूक. पुन्हा बघ.

इथे तर्कशास्त्राच्या सकाळच्या तासाला हजेरी सगळ्यांची लागते आणि बाकं अर्धी रिकामी असतात. सरांना दिसत नाही, की दिसून ते गप्प बसतात? मेसमध्ये ज्या दिवशी डाळ बरी असते, त्याच दिवशी मला उपास का घडतो? असले विचार करण्यात वर्ष चाललं आहे.

आता कोडं. आमच्या खोलीत माझ्याशिवाय तिघी. आत्याने दिलेला चिवड्याचा डबा त्यांच्यातल्या एकीनेच संपवला. मनवा म्हणते, सुरुचीने. सुरुची म्हणते, मी नाही. मैथिली म्हणते, मीही नाही. तिघींपैकी एकच खरं बोलते आहे. डबा कोणी संपवला?

औषध वेळेवर घ्या आणि माझ्यावर असंच लक्ष ठेवा.

तुमची,
दीपिका


परळ,
१४ जानेवारी

चि. दीपिका हिस,
आबाचा जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं कोडं मी एका बैठकीत फोडलं. चोर मनवा! जगात जो पहिल्यांदा बोट दाखवतो, त्याच्याच हाताला तेल लागलेलं असतं. आपल्या लोकांवर किती बोटं रोखली गेली ते मी जन्मभर पाहिलं आहे. म्हणून सांगतो, आरोप करणाऱ्याची झडती आधी घ्या! सुरुची निर्दोष आहे. तिची माफी मागा.

इकडे सगळं ठीक. चाळ पाडून हा टॉवर बांधला, पण सगळे मजले एकसारखे केले. परवा मी एका दारात उभा राहून बराच वेळ किल्ली फिरवत होतो. आतून भलतीच बाई आली. यात माझी काय चूक? बिल्डरने माणसं ओळखू येतील अशी दारं ठेवली नाहीत.

चोर मनवा. हे मी वर लिहिलं का? लिहिलं असेल तर दोनदा खरं.

अभ्यासात मागे हटू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
कोंडीराम आबा


परळ,
१७ जानेवारी

चि. दीपिका,
जय भीम.

आबांचं पत्र मीच पेटीत टाकलं, म्हणून हे मागून लिहिते. त्यांना डॉक्टरकडे नेलं होतं. हा विसरण्याचा आजार आहे आणि तो वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. परवा जेवताना म्हणाले, दोन ताटं वाढ, शेवंती येईल इतक्यात. तुझी आजी जाऊन सहा वर्षं झाली गं. मी दोन्ही ताटं वाढली. एक तसंच उचलून ठेवलं.

त्यांनी कोड्याचं उत्तर मला वाचून दाखवलं. मला असलं काही कळत नाही, पण ते चुकलं असावं असं वाटतं. तू बरोबर म्हणून कळव. तेवढाच आनंद. आता त्यांना दुखवून काय मिळवायचं आहे आपल्याला?

जेवणाची हयगय करू नकोस.

तुझी,
कमल आत्या


गिरगाव,
२१ जानेवारी

प्रिय आत्या,
जय भीम.

तुझं पत्र जिन्यात वाचलं आणि तिथेच बसून राहिले.

पण मला ते जमणार नाही गं. शाळेत मास्तरांनी आबांची पाटी न तपासताच बरोबर म्हटलं होतं, तुमच्यातल्या पोराला एवढं पुष्कळ, असं हसून. आबा तीच पाटी घेऊन परत त्यांच्यापुढे उभे राहिले आणि चूक कुठे आहे ते दाखवा म्हणाले. मी पाचवीत रडून रडून मागितलं, तरी त्यांनी मला फुकटचं बरोबर दिलं नाही. आता मी त्यांना ते कसं देऊ?

त्यांच्यासाठी सोबत चिठ्ठी आहे. माझ्यावर रागाव, पण ती त्यांना दे.

तुझी,
दीपिका

ती. आबा, मनवाने खाल्ला असता तर सुरुची आणि मैथिली दोघी खऱ्या ठरल्या असत्या. खरी तर एकच आहे. चूक. पुन्हा बघा.


परळ,
२ फेब्रुवारी

चि. दीपिका हिस,
आबाचा कडकडीत जय भीम.

तुझं चूक वाचलं आणि बऱ्याच दिवसांनी ताठ बसलो. या घरात हल्ली माझं सगळंच बरोबर असतं. मी मंगळवार म्हटलं तरी कमल बरोबर म्हणते, शनिवार म्हटलं तरी बरोबर. एवढं तर्कशास्त्र मला अजून येतं, पोरी. जो कशालाही हो म्हणतो, त्याच्या होकारातून काही कळत नाही. फक्त एवढं कळतं, की आपल्याशी वाद घालणं त्याने सोडून दिलं.

मी चाळीच्या पटांगणात भाषणं केली. समोरून उलट प्रश्न आला नाही, की त्या दिवशी फुकट घसा बसवला असं वाटायचं. मला काय झालंय ते कोणी सांगत नाही, पण शब्द हातात येतो आणि निसटतो, हे मलाच कळतं ना. कमलला बोलू नकोस. ती मायेने खोटं बोलते.

पण मला दयेचे गुण नकोत! पुढे मी दिवस चुकेन, जेवलो की नाही ते चुकेन. एखाद्या दिवशी तुलाही चुकेन. त्या दिवशी हवं तेवढं रड, पण पत्रात चूकच लिही. जोवर कोणी मला चूक म्हणतं आहे, तोवर मी हिशेबात आहे.

मनवा नाही म्हणतेस? पुन्हा बघतो.

तुझा,
आबा


परळ,
९ मार्च

सौ. शेवंतीस,
कोंडीरामचा जय भीम.

तू माहेरी जाऊन बरेच दिवस झाले. नव्या घरात वारा चांगला येतो, तुला आवडेल. नात होस्टेलला गेल्यापासून माझ्याशी भांडायला कोणी नाही. पोरगी फार कडक निघाली. मला, कोंडीरामला, चूक म्हणाली! तुझ्यावर गेली आहे.

तिचं कोडं आज सुटलं. मैथिली. तिने खाल्ला म्हटलं की मनवा खोटी, ती स्वतः खोटी, एकटी सुरुची खरी. किती सोपं होतं, मी उगाच भाषण करत बसलो. तुला भेटली तर सांग तिला. तिचा पत्ता कुठे ठेवला ते आठवत नाही.

लवकर ये. ताट झाकून ठेवतो.

तुझा,
कोंडीराम

(दीपिका, पाकिटावर पत्ता मी घातला. आतलं नाव बदलायचा धीर झाला नाही. कमल)


गिरगाव,
१३ मार्च

ती. आबांस,
सविनय जय भीम.

कोड्याचं उत्तर बरोबर. हे दयेने लिहीत नाही, तपासून लिहिते आहे. मैथिलीला तुमचं पत्र वाचून दाखवलं. ती आधी हसली, आणि मग वरचं नाव बघून माझ्या शेजारी येऊन बसली.

पुढचं कसं लिहू, असं मी खोलीत विचारलं. सुरुची म्हणाली, लिही आजीच्या नावाने, त्यांना काय कळणार आहे. संध्याकाळभर मी तिच्याशी बोलले नाही.

आजी माहेरी गेलेली नाही, आबा. आजी वारली. तिच्या शोकसभेत तुम्ही बोलायला उभे राहिलात आणि पहिल्याच वाक्यात थांबलात. जन्मात तेवढं एकच भाषण तुम्ही अर्धं सोडलंत. तेव्हा तुमचा हात धरून खाली बसवणारी मी होते. आजीच्या नावाने लिहिलेलं तुमचं पत्रही माझ्याकडेच आलं.

मी शेवंती नाही. चूक. पुन्हा बघा.

खाली सही करत नाही, कारण उत्तर सांगायची आपल्याकडे पद्धत नाही. परीक्षा होत राहील, मी शनिवारी परळला येते आहे. बेल वाजली की दार तुम्ही उघडा आणि नाव सांगा. चुकलात तर मी पुन्हा बाहेर जाईन, आणि पुन्हा बेल वाजवीन.

तुमची,